बोअरमध्ये उतरणारी चपटी केबल : तिच्या आवरणाची पारख



स्मृतिव्याख्यानाला विषय मोठा घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. मी मुद्दाम बोटभर रुंदीचा विषय घेतला आहे. आपल्या बागेतल्या किंवा परसातल्या बोअरमध्ये सबमर्सिबल पंपाबरोबर जी चपटी काळी केबल खाली जाते, जिला दुकानात ‘थ्री कोअर फ्लॅट’ म्हणतात, तिच्या तांब्याबद्दल आपण चौकशी करतो. अडीच स्क्वेअर की चार, कंपनी कुठली, मीटरला भाव काय, हे सगळे विचारतो. तांब्यावर जे आवरण असते त्याबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. पंपाचे आयुष्य त्या आवरणावरही ठरते. माझ्या कामाची वर्षे केबलच्या चाचण्यांत गेली, म्हणून हे रत्नागिरीत सांगावे असे मला फार दिवस वाटत होते.

रत्नागिरीतच का, त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण गोळप-रनपारच्या किनाऱ्यावर उभे आहे. पावसच्या रस्त्याने जाताना दिसणारा फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा कारखाना १९९४ पासून तिथे पीव्हीसीचे रेझिन बनवतो. तंत्रज्ञान जर्मनीतल्या उहडे आणि होएक्स्टचे. कच्चा माल समुद्रातून येतो. एथिलीन साध्या दाबाला द्रवरूपात ठेवायचे तर उणे १०४ अंशांपर्यंत थंड करावे लागते. ते जहाजातून उतरवून घेण्यासाठी या किनाऱ्यावर खास धक्का बांधावा लागला. एथिलीन आणि क्लोरीन यांपासून आधी ईडीसी (एथिलीन डायक्लोराइड), त्यापासून व्हीसीएम (व्हिनाइल क्लोराइड) आणि त्याच्या रेणूंची साखळी जोडली की पीव्हीसी, अशी ही वाट आहे. तयार होते ती पिठासारखी पांढरी भुकटी. तिच्या वजनात जवळपास ५७ टक्के क्लोरीन असते आणि क्लोरीन मिळते मिठापासून. म्हणजे निम्म्याहून अधिक पीव्हीसी मुळात मिठाचे आहे. यातला पुष्कळ माल पाइपांकडे जातो, पण केबलचे आवरण होते तेही याच जातीच्या भुकटीचे. ज्या छाब्रिया बंधूंनी १९५८ मध्ये पुण्यात मोटारगाड्यांसाठी पीव्हीसी आवरणाच्या तारा बनवायला सुरुवात केली, त्यांच्याच समूहाने पुढे हा कारखाना काढला आणि १९९६ मध्ये रत्नागिरीत अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू केले. तेव्हा आवरणाचा कच्चा माल आणि तो तपासू शकणारे विद्यार्थी, दोन्ही या गावात आहेत.

दुसरे कारण आपली हवा आणि आपली जमीन. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे आला की जांभ्यातली विहीर तळ दाखवते. म्हणून माणसे बोअर मारतात. दोनशे-तीनशे फूट खाली पंप सोडतात. जूनपासून हवा दमट, खाडीकाठी पाणी मचूळ, वीज कमी-जास्त दाबाची. आवरणाला छळण्यासाठी याहून वेगळी प्रयोगशाळा बांधायची गरज नाही.

आता केबल चपटी का, ते पाहू. बोअरमध्ये पंपाचा देह आणि केसिंग यांच्यात बाजूला राहणारी फट अगदी अरुंद असते. तीन तारा एकत्र पिळून गोल केबल केली तर तिचा घेर त्या फटीत मावत नाही. त्याच तारा शेजारी शेजारी ठेवल्या की जाडी एका तारेएवढीच राहते आणि केबल कॉलम पाइपला चिकटून खाली जाते. रचना साधी आहे, पण तिच्यामुळे तीन गोष्टी बदलतात. मधल्या तारेला दोन्ही बाजूंना शेजारी असल्याने तिची उष्णता फक्त पुढून-मागून बाहेर पडते, म्हणून ती कडेच्या तारांपेक्षा थोडी जास्त तापते. केबल एकाच दिशेने नीट वाकते. आडवी वाकवली किंवा पीळ पडला की कडेच्या आवरणावर ताण येतो. आणि खाली उतरवताना, वर ओढताना केसिंगच्या ओठावर घासतात त्या तिच्या दोन कडाच. चपट्या केबलचे आवरण तपासायचे ते हे तीन त्रास लक्षात घेऊन. सपाट पत्र्याच्या नमुन्यावर काढलेला आकडा इथे पुरत नाही.

पीव्हीसी हे नाव ऐकले की आपल्याला एकच पदार्थ वाटतो. खरे तर ती पाककृती आहे. रेझिनची भुकटी नुसती तापवून थंड केली तर पाइपासारखी कडक होते. तिला मऊ करायला प्लास्टिसायझर नावाचे तेल घालतात, आणि केबलच्या मिश्रणात ते चांगल्या प्रमाणात असते. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीच्या वाल्डो सेमन यांनी ही युक्ती काढली नसती तर पीव्हीसी केबलवर आलेच नसते. यंत्रात तापताना पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड सुटू नये म्हणून स्टॅबिलायझर घालतात. आधी सर्रास शिशाचे क्षार वापरत, आता कॅल्शियम-झिंककडे ओढा आहे. मग भाव आटोक्यात ठेवायला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीची पूड, आणि काळा रंग द्यायला कार्बन. याच पाककृतीत सगळी लबाडी आणि सगळे कौशल्य दडलेले आहे. पूड जास्त घातली की आवरण स्वस्त पडते, पण ताणले की तुटते आणि पाणी धरते. जुन्या केबली वितळवून मिळवलेला माल मिसळला की त्यात काय काय आले हे बनवणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. दोन रिळांवर ‘पीव्हीसी’ हे एकच नाव छापलेले असले तरी बोअरमध्ये त्यांचे आयुष्य दुपटीतिपटीने वेगळे निघू शकते.

म्हणून माझे म्हणणे असे की पारख नावावरून करू नये, चाचणीवरून करावी. आणि चाचणी अशी हवी की केबल जिथे राहणार त्या जागेची तिच्यात आठवण असेल.

हे शहाणपण जगाला पाण्यातच आले. पीव्हीसी केबलवर येण्याच्या कितीतरी वर्षे आधी मलायातल्या झाडांचा चीक, गुट्टा-पर्चा, तारांवर चढवत. १८५८ मध्ये अटलांटिक महासागरात पहिली तार पडली आणि तीन-चार आठवड्यांत मुकी झाली. केबल टाकण्याआधी उन्हात पडून राहिल्याने चीक मऊ झाला होता, काही ठिकाणी तांबे मधोमध राहिले नव्हते आणि वर तिला झेपणार नाही एवढा विद्युतदाब दिला गेला. या अपयशाची इंग्लंडमध्ये रीतसर चौकशी झाली. त्यानंतर तारेचा प्रत्येक तुकडा पाण्यात बुडवून, ठरावीक तापमानाला त्याचा रोध मोजून मगच पुढे पाठवण्याची शिस्त बसत गेली. १८७० मध्ये सुएझ-एडनवरून मुंबईला आलेली समुद्रतार त्या शिस्तीची होती. आज आपण केबलचा तुकडा पाण्यात टाकून मोजतो ते त्याच परंपरेने.

आपल्याकडे पीव्हीसी केबलसाठी आयएस ६९४ हे भारतीय मानक आहे, तिच्या आवरणाच्या मिश्रणासाठी आयएस ५८३१ आणि चाचण्या कशा करायच्या त्यासाठी आयएस १०८१०. यातले सगळे सांगत बसत नाही. ज्या चाचण्या आपल्या बोअरशी बोलतात तेवढ्याच घेतो.

पहिली ताणाची. तारेवरून आवरणाची नळी काढायची, तिच्यावर २० मिलिमीटर अंतराने दोन खुणा करायच्या आणि यंत्रात ताणायची. साध्या ‘टाइप ए’ आवरणाने तुटण्याआधी किमान १५० टक्के लांबले पाहिजे, म्हणजे खुणांमधले अंतर निदान ५० मिलिमीटर व्हायला हवे, आणि दर चौरस मिलिमीटरला किमान १२.५ न्यूटन ताण सहन झाला पाहिजे. मला सगळ्या चाचण्यांत ही सर्वांत बोलकी वाटते. पुडीची भर, भेसळ, यंत्रात मिश्रण जळलेले असणे, सगळे लांबण्याच्या आकड्यात उघडे पडते. यंत्र नसलेल्या माणसालाही नळी हाताने ताणून अंदाज येतो. चांगले आवरण ताणताना न तुटता लांबत जाते. वाईट आवरण कट्‌कन तुटते.

दुसरी वयाची. तसेच नमुने ८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ७ दिवस ठेवतात आणि पुन्हा ताणतात. आधीच्या आकड्यात २० टक्क्यांहून जास्त फरक पडता कामा नये. यात प्लास्टिसायझर उडून जाते का, हे कळते. तेल उडाले की आवरण कडक होते आणि वाकवले की चिरते. आता कुणी विचारेल, बोअरचे पाणी तर गार असते, तिथे ८० अंश कशाला? पाण्यात बुडालेली केबल खरोखरच सुखात असते. तापते ती वरची. लांबी उरली म्हणून स्टार्टरच्या पेटीशेजारी गुंडाळून टांगलेले वेटोळे पाहा. ते मे महिन्याच्या उन्हात भिंतीवर असते, त्यात प्रवाह चालू असतो, आणि वेढ्यांत उष्णता अडकते. अशी गुंडाळी सोडवून उरलेली केबल सावलीत मोकळी पसरा किंवा कापून टाका. आवरणाचे आयुष्य तापमानाच्या दर आठ-दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते, हा विद्युत अभियांत्रिकीतला जुना ढोबळ नियम आहे. भिंतीवरचे हे वेटोळे त्या नियमाखाली रोज येते.

तिसरी पाण्याची. केबलचा तुकडा ६० अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवून वर उच्च दाब देतात. त्याच्याच जोडीला डीसी दाबाची लांब चाचणी असते. ती २४० तास चालते. डीसी आणि तीही इतके दिवस का? तारेला ऋण ध्रुव जोडला की आवरणातल्या सूक्ष्म वाटांनी पाणी तारेकडे ओढले जाते. पाच मिनिटांच्या चाचणीत लपणारी भेग दहा दिवसांत लपत नाही. मऊपणासाठी घातलेली तेले, क्षार, भरीची पूड यांतले काय पाणी धरते हे इथे कळते.

चौथी आपल्या ओळखीची, आवरणाचा रोध मोजणाऱ्या मेगरची. इथे मात्र मला दोन गोष्टी आग्रहाने सांगायच्या आहेत, कारण त्या न कळल्यामुळे चांगल्या केबली नापास ठरतात आणि वाईट पास होतात. एक, रोध लांबीच्या उलट असतो. दहा मीटर तुकड्याचा रोध ५०० मेगओहम आला तर तशाच शंभर मीटर केबलचा ५० येणार. केबल बिघडली म्हणून आकडा उतरला असे नव्हे. पाणी आणि तांबे यांच्यात गळतीसाठी दहापट जागा झाली. दोन, पीव्हीसीचा रोध तापमानाबरोबर घसरगुंडीवरून उतरल्यासारखा खाली येतो. मानकातच टाइप ए आवरणाला २७ अंशांवर १० चा तेरावा घात ओहम-सेंटिमीटर आणि ७० अंशांवर १० चा दहावा घात एवढीच किमान अट आहे. म्हणजे हजारपट फरक मान्य केलेला आहे. तेव्हा मेगरचा आकडा लिहिताना लांबी आणि तापमान लिहिले नाही तर तो आकडा निरुपयोगी. पहाटे घेतलेला आणि दुपारी घेतलेला आकडा शेजारी ठेवून कुणी केबलवर निकाल देऊ नये.

आता दुसऱ्या पदार्थांकडे वळू. क्रॉसलिंक पॉलिएथिलीन, म्हणजे एक्सएलपीई, सध्या सगळीकडे श्रेष्ठ म्हणून खपवले जाते. त्याचे गुण खरे आहेत. पीव्हीसीची तार कायम ७० अंशांपर्यंत चालते, एक्सएलपीईची ९० पर्यंत. शॉर्टसर्किटच्या क्षणाला पीव्हीसी १६० अंश सोसते, एक्सएलपीई २५०. पाणी कमी धरते, विद्युतहानी फार थोडी. जिथे मोठा पंप, जास्त प्रवाह आणि लांब केबल आहे तिथे ते घ्यावे. उच्च दाबाच्या केबलींत त्याच्यात पाण्याच्या सूक्ष्म फांद्या वाढतात, पण आपल्या ४१५ व्होल्टला ती भीती जवळपास नाही. तरीही आपल्या साध्या बोअरसाठी मी डोळे मिटून ते सुचवणार नाही. कारण आहे जॉइंट.

मोटारीतून येणारी आखूड केबल आणि आपली लांब केबल यांचा सांधा पंपाच्या डोक्याशी, कायम पाण्याखाली असतो. बिघडलेल्या पंपांच्या तक्रारीत आवरण मधोमध फुटल्याची उदाहरणे कमी आणि सांधा गळल्याची जास्त, हे या कामातल्या कुणालाही विचारा. पॉलिएथिलीनच्या पृष्ठभागाला टेप, गोंद, रेझिन सहज धरत नाहीत. पीव्हीसीला त्या मानाने बरे धरतात. रबर जातीच्या ईपीआर आवरणाला स्वतःशीच एकजीव होणारी टेप छान बसते आणि ते लवचीकही असते. महाग पडते, एवढेच. आवरण निवडताना त्याचा सांधा कोण बांधणार, कशाने बांधणार, पावसात बांधणार का, याचाही हिशोब झाला पाहिजे. प्रयोगशाळेत पहिला आलेला पदार्थ सांध्यात शेवटचा ठरू शकतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विचारात घेतली जात नाही, तिच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. त्याच बोअरचे पाणी घरात प्यायला जाते. केबल वर्षानुवर्षे त्या पाण्यात असते. जर्मनीत, फ्रान्समध्ये, ब्रिटनमध्ये पिण्याच्या पाण्यात राहणाऱ्या केबलला वेगळे प्रमाणपत्र लागते. आवरणातून पाण्यात काय उतरते ते मोजतात. शिसे आणि काही प्लास्टिसायझर मिश्रणात असतील तर ते किती उतरतील हे पाककृतीवर आणि पाण्यावर अवलंबून आहे. पण शिसेविरहित आवरण आज बाजारात मिळते. पिण्याच्या पाण्याच्या बोअरसाठी दुकानदाराकडे तेच मागा. मागणी झाली की माल येतो.

आग हा विषय बोअरमध्ये येत नाही, पण चपट्या केबली इतरत्रही असतात. लिफ्टच्या पिंजऱ्याखाली लोंबणारी चपटी केबल, कारखान्यातल्या क्रेनवर पडद्यासारखी सरकणारी केबल. पीव्हीसी सहज पेट घेत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण पेटले की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू आणि दाट धूर सोडते. साधे एक्सएलपीई उलट, तो झोंबणारा वायू सोडत नाही पण पेटते. एफआरएलएस, म्हणजे ज्वालारोधक आणि कमी धुराच्या, जातीच्या मिश्रणाला ऑक्सिजन इंडेक्स किमान २९ लागतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, त्यामुळे असे आवरण हवेत आपणहून जळत राहत नाही. रुग्णालयात, उंच इमारतीच्या जिन्यात मात्र हॅलोजनविरहित आवरणच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. तिथे माणसे आगीपेक्षा धुराने मरतात.

आपल्या जिल्ह्याने आवरणांची एक मोठी परीक्षा पाहिलेली आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले आणि घरे-दुकाने बुडाली. पूर ओसरल्यावर सगळ्यांपुढे प्रश्न होता, भिंतीतल्या तारा ठेवायच्या की काढायच्या? पीव्हीसी आवरण पाण्यात बुडाले म्हणून लगेच बिघडत नाही. पाणी शिरते ते तारेच्या उघड्या टोकांतून, आणि तांब्याच्या बारीक तारांमधून वातीसारखे आत ओढले जाते. स्विच, सॉकेट, जोडपेट्या यांत गाळ बसतो. म्हणून पुरानंतरचा निर्णय डोळ्यांनी घेता येत नाही. टोके उघडी करून, कोरडी करून, प्रत्येक सर्किट ५०० व्होल्टच्या मेगरवर तपासायचे. १ मेगओहमच्या खाली आले तर कारण सापडेपर्यंत वीज जोडायची नाही. आठवड्याने पुन्हा तपासायचे, कारण वाळताना आकडा सुधारतो आणि कधी क्षार बसल्याने पुन्हा घसरतो.

खरेदीचे थोडक्यात सांगतो. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानंतर अशा केबलवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. आवरणावरच मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएस केअर या ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा आणि कोणाचा ते कळते. दुकानातच टाकून पाहा. मीटरला पाच रुपये वाचवले, तरी पुढे क्रेन आणून पंप वर ओढायचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो.

आपल्या साध्या बोअरसाठी माझा निकाल असा: ताज्या रेझिनचे, मानकाचे, शिसेविरहित पीव्हीसी आवरण पुरेसे चांगले आहे. मोठ्या भाराला एक्सएलपीई किंवा ईपीआर. मचूळ पाण्यात आवरणापेक्षा सांध्याची आणि तांब्याला कथिलाचा मुलामा आहे का याची जास्त फिकीर करावी.

शेवटी दोन विनंत्या. पहिली पंपवाल्यांना आणि बागायतदारांना. पंप खाली सोडताना, पाण्यात गेल्यावर, आणि दर वर्षी मे महिन्यात मेगरचा आकडा घ्या. स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला तारीख, केबलची लांबी, तापमान आणि आकडा एवढे लिहा. एका आकड्यावरून काही कळत नाही. ओळीने उतरत जाणाऱ्या आकड्यांवरून पंप जळायच्या आधी कळते.

दुसरी विनंती रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनाला, अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि आयटीआयला. दर उन्हाळ्यात आपल्या तालुक्यांत कितीतरी पंप दुरुस्तीसाठी वर काढले जातात आणि जुन्या केबली भंगारात जातात. त्यांचे तुकडे मागून घ्या. कुठल्या खोलीवर होते, पाणी कसे होते, किती वर्षे होते, ते विचारून टिपा. मग ताणाचे यंत्र, भट्टी आणि पाण्याची टाकी, एवढ्या साधनांवर त्यांची तपासणी करा: पाण्यातला भाग, पाण्याच्या पातळीजवळचा भाग, उन्हातले वेटोळे, कडा आणि मध्य, सगळे वेगवेगळे. कोकणच्या बोअरमध्ये आवरण प्रत्यक्षात कसे म्हातारे होते याची नोंद अशाने पाच-सात वर्षांत उभी राहील. हे काम पदवीच्या प्रकल्पात बसण्यासारखे आहे, त्याला मोठे अनुदान लागत नाही, आणि ते येत्या मे महिन्यात सुरू करता येईल.